पाण्याच्या उगमाकडे : पदभ्रमणाचा एक पाठ

अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी हे गाव सपाटीवरचे आहे. गावाबाहेर उभे राहून पाहिले तर कापसाची, उसाची, तुरीची शिवारे दिसतात. दृष्टी अडेल असा मोठा डोंगर दिसत नाही. येथील मुलास 'पर्वत' हा शब्द प्रथम भूगोलाच्या पुस्तकात भेटतो आणि बहुधा तेथेच राहतो. नकाशातील तपकिरी रंग म्हणजे उंच प्रदेश, एवढे त्याला पाठ असते. परंतु त्या तपकिरी रंगाचा आपल्या कालव्याशी आणि आपल्या काळ्या मातीशी काही संबंध आहे, हे त्याला कोणी दाखविलेले नसते. तो संबंध पायांनी चालून समजावून घेता येतो. त्यासाठी कोणती तयारी करावी लागते व कोठे चुकावयास होते, हे शिक्षकबंधुभगिनींपुढे मांडावे, एवढाच या पाठाचा हेतू आहे.

पायी चालणे ही आपल्या भागास नवी गोष्ट नव्हे. समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब हे आपल्याच जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यात आहे. १६०८ साली जन्मलेला हा मुलगा बालवयातच घर सोडून नाशिकपर्यंत गेला, टाकळीस बारा वर्षे राहिला आणि पुढे बारा वर्षे देशभर पायी हिंडला, असे परंपरा सांगते. पैठणहून नाथांची पालखी दरवर्षी आषाढीस पंढरपुरास निघते. आमच्या पथकातील कित्येकांच्या घरी वारीस जाणारे कोणी ना कोणी होतेच. म्हणून पहिल्या बैठकीस आम्ही गिर्यारोहणाचे पुस्तक न उघडता एका वारकरी आजोबांस बोलाविले. त्यांनी सांगितलेल्या गोष्टी थोड्या होत्या. नवे पायताण घालून लांबच्या वाटेस लागू नये. दिवस उगवण्यापूर्वी निघावे. तहान लागण्याची वाट न पाहता घोट घोट पाणी प्यावे. आणि चौथी गोष्ट : "दिंडीत सगळ्यांत हळू चालणारा जो असेल, त्याची चाल तीच दिंडीची चाल." मुले हसली. पुढे डोंगरात हे वाक्य आम्हांस अनेकदा आठवावे लागले.

कोठे जावयाचे, हा प्रश्न आम्ही नकाशावर सोडविला. शहागडजवळ गोदावरी आपल्या तालुक्याच्या कडेने वाहते. तिच्यावर बोट ठेवून मुलांनी उलट्या दिशेने जावे, असे सांगितले. बोट प्रथम पैठणास पोहोचले. तेथील जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ साली झाली व १९७६ साली त्याचे उद्घाटन झाले. त्याच्या नाथसागरात १०२ अब्ज घनफुटांहून अधिक पाणी मावते, आणि त्याचाच डावा कालवा अंबड तालुक्यातून परभणीकडे जातो. नाथसागराच्या वरच्या टोकास टोके-प्रवरासंगम येथे प्रवरा गोदावरीस मिळते. प्रवरेने वर गेले की नेवासे लागते. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरी सांगितली गेली ती या नदीच्या काठी. त्याही पुढे संगमनेर, अकोले, भंडारदरा, आणि शेवटी अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या पश्चिम टोकास रतनगड. त्या डोंगरातून प्रवरा निघते. बोट तेथे थांबले, तेव्हा आमचा मार्गही ठरला. रतनवाडीहून रतनगड चढावा, कात्राबाईची खिंड ओलांडून कुमशेतच्या बाजूस उतरावे, पाचनईस जावे आणि हरिश्चंद्रगडावर चालणे संपवावे. डोंगरात हिंडणारे तरुण ही वाट दोन ते तीन दिवसांत चालतात. आम्ही चार दिवस घेतले व त्याबद्दल आम्हांस कधी पश्चात्ताप झाला नाही.

पथकात बारा तरुण होते, त्यांत चार मुली. शिवाय एक शिक्षिका व मी. निघण्यापूर्वी तीन रविवार आम्ही पाठीवर ओझे घेऊन गावापासून गोदाकाठापर्यंत व परत असा सराव केला. सपाटीवरचा सराव डोंगरात कितपत उपयोगी पडेल, अशी शंका काहींनी घेतली. चढाचा सराव त्याने होत नाही, हे खरेच. परंतु कोणाची पिशवी खांद्यास काचते, कोणाच्या टाचेस फोड येतो, कोण दोन तासांत सगळे पाणी संपवितो, हे सर्व घराजवळच कळते, आणि घराजवळ कळलेली अडचण स्वस्त पडते.

ओझ्याविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. तरुणाने आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून फार अधिक ओझे घेऊ नये, चौथ्या हिश्शापलीकडे तर मुळीच जाऊ नये. पन्नास किलोच्या मुलास दहा किलो, फार तर बारा. हा हिशेब फळ्यावर मांडून भागत नाही. आम्ही वाण्याच्या दुकानातील धान्याच्या काट्यावर एकेक पिशवी ठेवली. एकीचे वजन एकोणीस किलो भरले. तीत दोन जाड चादरी, स्टीलचा भला मोठा डबा, गाणी ऐकण्याचे यंत्र आणि इस्तरी केलेले चार सदरे होते. मुलगा सदरे काढावयास राजी होईना. शेवटी त्यास ते ओझे घेऊन दुकानाच्या पायऱ्या पन्नास वेळा चढावयास सांगितले. एकतिसाव्या वेळी त्याने आपण होऊन पिशवी सोडली.

ओझे कमी करण्यास आपल्या भागातील शिदोरी फार सोयीची आहे. ज्वारीचे धपाटे दोन दिवस टिकतात. दुधात मळलेल्या दशम्या त्याहून थोड्या अधिक. शेंगदाण्याची चटणी, गूळ-शेंगदाणे, भाजलेले हरभरे ही तर वाटेवर चालता चालता खाण्याचीच अन्ने. पुढील दिवसांसाठी तांदूळ व मुगाची डाळ पुड्यांत मोजून बांधली, प्रत्येक पुडीवर जेवणाचा दिवस लिहिला, आणि जड पुड्या आधी संपतील अशी योजना केली. पिशवी भरताना जड वस्तू पाठीशी लागून व मध्यभागी ठेवाव्या. त्या बाहेरच्या बाजूस राहिल्या तर चढावर ओझे मागे ओढते आणि उतारावर माणूस डोलतो.

दिवसभराची चाल किती धरावी, यास एक जुना ठोकताळा आहे. स्कॉटलंडमधील गिर्यारोहक नेस्मिथ याने १८९२ साली तो सांगितला. सुमारे पाच किलोमीटर अंतरास एक तास आणि त्यावर दर सहाशे मीटर चढास आणखी एक तास. दहा किलोमीटर अंतर व सहाशे मीटर चढ असेल, तर दोन अधिक एक, म्हणजे तीन तास. परंतु हा हिशेब सवयीच्या चालणाऱ्याचा आहे. पाठीवर ओझे असलेल्या नवख्या पथकाने त्याची दीडपट करावी, विश्रांतीचा वेळ निराळा धरावा, आणि येणारे उत्तर सूर्यास्तापूर्वी दोन तास संपते की नाही ते पाहावे. संपत नसेल तर मार्ग कमी करावा. चाल वाढविण्याच्या भरवशावर राहू नये. हे गणित आमच्या मुलांनी मोठ्या आवडीने केले. काळ-काम-वेगाची उदाहरणे त्यांस इतकी महत्त्वाची पूर्वी कधी वाटली नसावीत.

गोदेच्या खोऱ्यातून जाताना बस बहुतेक वेळ उसाच्या शेतांमधून जाते. राजूरच्या पुढे रस्ता डोंगरात शिरला आणि भंडारदऱ्याचे धरण दिसले. १९१० साली सुरू झालेले हे दगडी धरण १९२६ साली पुरे झाले. त्यात सुमारे ११ अब्ज घनफूट पाणी मावते. खिडकीशी बसलेला एक मुलगा मोठ्याने म्हणाला, "हेच ते! इथंच आपलं पाणी अडवतात." बसमधील इतर प्रवाशांनी वळून पाहिले. मी त्यास दटाविले, पण उत्तर दिले नाही. उत्तर सोपेही नव्हते. वरच्या धरणांनी खालच्या धरणास किती पाणी द्यावे, हा वाद कायद्यात व न्यायालयात गेलेला आहे. त्यासंबंधीचा राज्याचा कायदा २००५ सालचा आहे आणि २०२३ च्या नोव्हेंबरात वरच्या धरणांतून जायकवाडीत पाणी सोडावे लागले होते. आपल्या भागातील मुले ही चर्चा घरी ऐकतच मोठी होतात. त्या मुलाच्या बोलण्यात राग होता, पण तो ऐकीव होता.

रतनवाडीस अमृतेश्वराचे प्राचीन दगडी मंदिर व शेजारी कोरीव पुष्करणी आहे. मंदिराच्या खांबांवरील नक्षी पाहण्यात तास गेला, तो जाऊ दिला. मग झाडीतून वाट चढू लागली. वर उभ्या कातळास लोखंडी शिड्या लावलेल्या आहेत. शिडीवर एका वेळी एकानेच चढावे, खालच्याने सरळ शिडीखाली उभे राहू नये, आणि वरून दगड निसटला तर ओरडून सांगावे, हे नियम आम्ही खालीच पाठ करून घेतले होते. रतनगडाची उंची सुमारे १३०० मीटर आहे. माथ्यावर खडकात आरपार पडलेले एक मोठे भोक आहे. सुईच्या भोकासारखे म्हणून त्यास 'नेढे' म्हणतात. त्यात बसले की वाऱ्याने कान बंद होतात. एका अंगास अलंग, मदन, कुलंग आणि महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई (१६४६ मीटर), तर खाली भंडारदऱ्याचा जलाशय असा देखावा तेथून दिसतो.

या ठिकाणी मी मुलांस कड्यातील थर मोजावयास सांगितले. सह्याद्रीचा हा खडक म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून बाहेर पडून थरांवर थर साचलेला लाव्हा. कठीण थर कड्यासारखा उभा राहतो, मऊ थर झिजून उतार होतो, म्हणून या डोंगरांस पायऱ्यांचा आकार येतो. हाच काळा खडक युगानुयुगे कुजून आपल्या कापसाची काळी जमीन झाली. एका मुलीने खिशातून मातीचे ढेकूळ काढले. ते तिने घरून आणले होते, कशासाठी ते तिने सांगितले नाही. ते तिने कातळाच्या भुग्याशेजारी ठेवले आणि दोन्हींवर पाण्याचा एकेक थेंब टाकला. ढेकळाने थेंब पिऊन टाकला. दगडावरचा थेंब ओघळून गेला. मी योजलेल्या पाठात हा प्रयोग नव्हता.

दुसऱ्या दिवशी कात्राबाईच्या खिंडीची चाल झाली. दाट रानातून वाट वर जाते आणि पलीकडे बरीच उतरते. माघ संपत आला होता. गवत वाळून पिवळे पडले होते, म्हणून वाटेत विस्तव पेटवावयाचा नाही, असा कडक नियम होता. हा प्रदेश कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात मोडतो. १९८६ साली ते घोषित झाले. येथे वनखात्याचे नियम पाळावे लागतात. कड्यांच्या कपारीत आग्या मोहोळे असतात. धूर, उग्र सुवास व आरडाओरडा यांनी त्या माश्या खवळतात. दगड उचलताना वा हाताचा आधार घेताना आधी पाहावे, कारण फुरसे हा लहानसा विषारी साप अशाच ठिकाणी पडून असतो. सर्पदंश झाल्यास जखम कापणे, चोखणे, आवळून बांधणे यांपैकी काहीही करू नये. अवयव न हलविता रोग्यास धीर देऊन लवकरात लवकर प्रतिविषाची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे. सुदैवाने आम्हांस याची गरज पडली नाही.

उतार संपून आम्ही एका वाडीवर पोहोचलो तेव्हा ऊन कलले होते. अंग घामाने व धुळीने माखले होते. वाडीच्या अलीकडे विहीर दिसली. मुले धावली. कोणी दोर सोडला, कोणी डोक्यावर कळशी उपडी केली, कोणी पाय धुतले, कोणी सदरा पिळला. मी सावलीत बसून ते पाहत होतो व मुलांचा आनंद पाहून मलाही बरे वाटत होते. थोड्या वेळाने एक म्हातारी बाई दोन हंडे घेऊन आली आणि काही न बोलता कडेला उभी राहिली. बराच वेळ ती तशीच उभी होती. मग म्हणाली, "धुवा बाळांनो, लांबून आलात. दोन हंडे तेवढे राहू द्या. आता सकाळपर्यंत झिरपायचं न्हाई."

विहिरीत डोकावून पाहिले. तळाचा खडक दिसत होता.

चूक माझी होती. परक्या गावात पाण्यास हात लावण्यापूर्वी विचारावे, हे मी मुलांस शिकविले नव्हते. माझ्याही मनात आले नव्हते. ज्या मुलीने ढेकूळ आणले होते ती प्रथम पुढे झाली. मराठवाड्यात २०१२-१३ साली व पुन्हा २०१६ साली जो दुष्काळ पडला, त्यात ती लहानपणी टँकरच्या रांगेत उभी राहिलेली होती. तिने आजींच्या हातातून दोर घेतला आणि तळाचे पाणी न गढुळता पोहरा कसा भरावा हे इतरांस दाखविले. दोन हंडे भरण्यास अर्धा तास लागला.

त्या रात्री चुलीशी बसून मुलांनी विचारलेला प्रश्न असा : येथे एवढा पाऊस पडतो, मग पाणी कोठे जाते? प्रश्न योग्य होता. आपल्या जालना जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी सातशे मिलिमीटरांच्या आसपास पाऊस होतो. घाटघर-रतनवाडीच्या पट्ट्यात कित्येक वर्षी चार हजार मिलिमीटरांहूनही अधिक होतो. परंतु तो सारा चार महिन्यांत कोसळतो, उतार तीव्र असतो, मातीचा थर पातळ असतो, आणि खालच्या कातळात पाणी साठण्यास भेगांखेरीज जागा नसते. म्हणून पाणी ओढ्याने जाते, ओढ्याचे नदीस मिळते, नदीचे धरणात. धरण खाली, वाडी वर. भंडारदऱ्याचे पाणी कालव्याने दूरच्या शेतांस मिळते. परंतु उंचावरील वाडीस त्याच डोंगरात पडलेल्या पावसाचा हंडा फाल्गुन-चैत्रात मैलभर चालून आणावा लागतो. हे लोक महादेव कोळी व ठाकर समाजांचे. भात, नाचणी, वरई पिकविणारे. याच अकोले तालुक्यातील राघोजी भांगरे यांस इंग्रजांविरुद्ध उठाव केल्याबद्दल १८४८ साली ठाण्यास फाशी देण्यात आले. देशी बियाण्यांच्या जतनासाठी २०२० चा पद्मश्री सन्मान ज्यांस जाहीर झाला, त्या राहीबाई पोपेरे याही याच तालुक्यातील. एवढे सांगून मी थांबलो. बसमध्ये बोललेला मुलगा विस्तवात काटकी फिरवीत होता. थोड्या वेळाने त्याने विचारले, "सर, मग आपलं पाणी अडवतं कोण?" मी त्यास सांगितले की हा प्रश्न तू वहीत लिहून ठेव.

त्यानंतर पाण्याचा हिशेब आम्ही कसून केला. पिण्यास माणशी तीन लिटर, स्वयंपाकास व भांड्यांस मिळून माणशी दोन. चौदा माणसांस सत्तर लिटर, म्हणजे साधारण पाच हंडे. भांडी आधी राखेने घासून मग ओंजळभर पाण्याने विसळावी, हे मुलींनी शिकविले आणि मुलग्यांनी केले. सकाळी वाडीतील बायांचे पाणी भरून होईपर्यंत आम्ही थांबलो. त्यामुळे निघावयास दोन तास उशीर झाला आणि नेस्मिथचे सगळे गणित पुन्हा मांडावे लागले.

तिसरा दिवस पाचनईपर्यंतच्या चालीत गेला. वाटेत एका मुलाचा पाय मुरगळला. घोट्यास पट्टी बांधून, त्याचे ओझे वाटून घेऊन, त्यास हळूहळू गावापर्यंत आणले. संध्याकाळी पथकात वाद झाला. काहींचे म्हणणे, आता त्यास बरे वाटते आहे, उद्या गडावर न्यावे. एवढ्या दूर येऊन त्याने गड पाहू नये, हे बरे दिसत नाही. तो मुलगा तर रडकुंडीस आला होता. परंतु सुजलेल्या पायाने चढता येते, उतरता येत नाही; आणि उतरताना पडला तर सहा जणांस त्यास उचलावे लागेल. शिक्षिकाबाईंनी निर्णय दिला : मुलगा येथेच राहील व त्याजबरोबर त्या राहतील. कोकणकडा पाहण्याची सर्वांत अधिक हौस त्यांनाच होती. त्यांनी तो अजून पाहिलेला नाही.

हरिश्चंद्रगड सुमारे १४२४ मीटर उंच आहे. पाचनईची वाट ओढ्याच्या कडेने, लोंबत्या कातळाखालून जाते. वर हरिश्चंद्रेश्वराचे कोरीव मंदिर आहे, आणि जवळच केदारेश्वराच्या लेण्यात कमरेइतक्या गार पाण्यात मोठे शिवलिंग उभे आहे. त्याभोवतीच्या चार खांबांपैकी एकच अखंड उरला आहे. मंदिराजवळील पाणी मंगळगंगेने पूर्वेस जाते. या डोंगराचे पूर्वेकडील पाणी मुळा नदीस, मुळेचे प्रवरेस, प्रवरेचे गोदावरीस.

मंदिरापासून पश्चिमेस चालत गेले की जमीन एकाएकी संपते. हाच कोकणकडा. नाल्याच्या आकाराचा हा कडा आत वळलेला आहे, त्यामुळे काठावरून त्याचा पाया दिसत नाही. येथे उभे राहून खाली वाकण्याचा मोह फार होतो. आम्ही काठापासून बरेच अलीकडे पिशव्या ठेवून त्यांचीच सीमारेषा केली; तिच्या पुढे दोघा-दोघांनी, पोटावर पडून, मागून पाय धरलेले असताना जावे, असा नियम केला व तो एकासाठीही मोडला नाही. पावसाळ्यात ढग खाली व सूर्य पाठीमागे असला की येथे कधीकधी पूर्ण वर्तुळाचे इंद्रधनुष्य दिसते. १८३५ साली कर्नल साइक्स याने ते पाहिल्याची नोंद केलेली आहे. आम्हांस ते दिसले नाही, कारण ढगच नव्हते.

कड्याखाली कोकण पसरले होते. मुलांस विचारले, येथून खाली पडलेले पाणी कोठे जाईल? अरबी समुद्रात, असे सर्वांनी सांगितले. आणि चार पावले मागे पडलेले? थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग एकाने शहागडच्या पुलाचे नाव घेतले, दुसऱ्याने राजमहेंद्रीचे, तिसऱ्याने बंगालच्या उपसागराचे. ज्याच्या वहीत प्रश्न लिहिलेला होता, त्याने आपल्या बाटलीतील पाणी पाहिले, झाकण घट्ट लावले आणि ती पिशवीत ठेवून दिली.

स्वाध्याय. (१) आपल्या गावाजवळील ओढा शेवटी कोणत्या समुद्रास मिळतो, ते नकाशावर बोटाने शोधा. (२) दर हजार मीटर उंचीस तापमान सुमारे साडेसहा अंशांनी कमी होते. नाथसागराची भरलेली पातळी ४६४ मीटर व रतनगड १३०० मीटर धरल्यास दोन्ही ठिकाणांच्या तापमानात किती फरक पडावा? (३) तुमच्या घरी एका दिवसात किती हंडे पाणी लागते, ते सात दिवस मोजून लिहा. पाणी कोण भरते, हेही लिहा. (४) अठ्ठेचाळीस किलो वजनाच्या मुलीने जास्तीत जास्त किती ओझे घ्यावे? त्यात पाणी किती किलो धराल?